ढगांत तरंगणारा गड : मोबाईलवर फँटसी लँडस्केप कसं तयार कराल?

मागच्या पावसाळ्यात राजगडाच्या ट्रेकचे फोटो बघत बसलो होतो. डोक्यात आलं, हा बालेकिल्ला ढगांत तरंगताना कसा दिसेल? रात्री दोनपर्यंत जागून चित्र बनवलं आणि मोठ्या कौतुकाने मामेबहिणीला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "दादा, तुझ्या गडावर दोन सूर्य आहेत का?"

बरोबर होतं तिचं! आकाशाच्या फोटोत सूर्य डावीकडे मावळत होता, पण गडावर ऊन पडलं होतं उजवीकडून. त्या दिवशी एक गोष्ट कळली. डोंगर हवेत तरंगतोय हे लोक सहज मान्य करतात, पण उजेड चुकला की लगेच पकडतात. 'अवतार' (2009) सिनेमातले तरंगते पर्वत आपल्याला पटतात ते याच कारणामुळे. कल्पना कितीही अचाट असली तरी प्रकाश, अंतर आणि हवा खऱ्या जगासारखी हवी.

तर आज आपण हेच स्टेप बाय स्टेप पाहू.

काय लागेल?

फोटोशॉप विकत घ्यायची गरज नाही. कॉम्प्युटर असेल तर गिंप आणि क्रिटा हे दोन्ही मोफत आहेत. फक्त मोबाईल असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी ही साईट उघडा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि तुमचे फोटो सर्व्हरवर न जाता फोनमध्येच एडिट होतात. फोन आडवा धरा, म्हणजे जागा जास्त मिळते.

साईझ मात्र विचार करून निवडा. 3000 × 2000 पिक्सेलच्या चित्रात 60 लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला 4 बाईट धरले तर एका लेयरला साधारण 24 एमबी मेमरी लागते. असे दहा लेयर म्हणजे 240 एमबी. साधा फोन इथेच हँग होतो! सुरुवातीला 1500 × 1000 ठेवा, मेमरी चौपट कमी लागेल.

1. फोटो निवडा

तीन फोटो पुरे : आकाश, लांबचे डोंगर आणि मुख्य गड. निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, उजेड कुठल्या बाजूने येतोय? उलट असेल तर एक फोटो आडवा फ्लिप करा. दुसरी, कॅमेरा कुठे होता? पायथ्यावरून वर बघत काढलेला गड आणि विमानातून खाली बघत काढलेले ढग एकत्र बसत नाहीत. समोरच्या डोंगरावरून काढलेला गडाचा फोटो यासाठी सगळ्यात सोपा पडतो.

2. खोडू नका, मास्क लावा

आकाशाचा फोटो उघडा आणि बाकीचे त्याच्या वर वेगवेगळ्या लेयरवर आणा. आता गडाचा खालचा भाग नको आहे म्हणून इरेजर घेऊ नका. खोडलेलं फाईल बंद केल्यावर परत मिळत नाही. त्याऐवजी लेयर मास्क लावा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तो भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो आणि करडा फिरवला की अर्धवट दिसतो. तरंगणाऱ्या खडकाची खालची कड ओबडधोबड कापा. ढगांत विरणाऱ्या भागासाठी मात्र मऊ ब्रश वापरा.

3. मध्ये हवा भरा

हीच खरी जादू आहे. घाटातून सह्याद्रीच्या रांगा बघितल्या असतील तर आठवा : जवळची रांग गडद, पुढची फिकट, शेवटची जवळजवळ आकाशाच्याच रंगाची. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये जितकी जास्त हवा, तितका तो फिकट आणि निळसर दिसतो.

हे करायला सोपं आहे. क्षितिजाजवळचा आकाशाचा रंग उचला, नव्या लेयरमध्ये भरा आणि तो लेयर डोंगराच्या लेयरला क्लिपिंग मास्कने जोडा. मग ओपॅसिटी बदला : जवळच्या डोंगराला 10 टक्के, मधल्याला 35, लांबच्याला 60. आकडे ठरलेले नाहीत, डोळ्यांनी ठरवा.

4. सावली आणि उजेड

सावलीसाठी मल्टिप्लाय आणि उजेडासाठी स्क्रीन, हे दोन ब्लेंड मोड पुरेसे आहेत. यामागे साधं गणित आहे. काळा म्हणजे 0, पांढरा म्हणजे 1. मल्टिप्लाय दोन रंगांचा गुणाकार करतो : 0.5 × 0.5 = 0.25, म्हणून चित्र गडद होतं. स्क्रीन हेच उलट्या बाजूने करतो आणि उत्तर 0.75 येतं. सूर्याच्या बाजूच्या कडांवर स्क्रीन लेयरमध्ये हलका केशरी ब्रश मारा. गड एकदम त्या आकाशातला वाटायला लागेल.

5. चूक पकडायची ट्रिक

सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर ठेवा आणि त्याचा मोड कलर करा. चित्र ब्लॅक अँड व्हाईट दिसेल. त्यात गड उगाच काळाकुट्ट किंवा चिकटवल्यासारखा वाटला, तर हवा कमी पडली आहे. मग तो लेयर बंद करून चित्र आडवं फ्लिप करून बघा. सवयीने न दिसणाऱ्या चुका आता दिसतील. काम पीएसडी फाईलमध्ये सेव्ह करा, जेपीजीमध्ये लेयर राहत नाहीत.

शेअर करण्याआधी

दुसऱ्याचा फोटो वापरताना त्याचं लायसन्स वाचा. आणि अजून एक. माझं सुधारलेलं चित्र मी स्टेटसला ठेवलं, तर एका ओळखीच्या मुलाने विचारलं, "हा पॉईंट कुठे आहे? रविवारी जायचंय." आधी हसू आलं, मग जरा भीती वाटली. असं चित्र फॉरवर्ड होत गेलं आणि पावसात कोणी नसलेली वाट शोधत कड्यावर गेलं तर? तेव्हापासून चित्राच्या कोपऱ्यात 'डिजिटल चित्र, खरा फोटो नाही' असं लिहितो. कॅप्शन फॉरवर्डमध्ये गळून पडतं, चित्रावरचं सहसा टिकतं.

आता गॅलरी उघडा, ट्रेकचा एक फोटो निवडा आणि पहिला प्रश्न विचारा : ऊन कुठून येतंय?