संविधानातच स्वतःला संरक्षण लिहून घेणारा जनरल ३० वर्षांनी कोर्टात कसा अडकला?

तारीख १२ सप्टेंबर १९८०. तुर्कस्तानातले लोक सकाळी उठले तेव्हा रस्त्यावर रणगाडे उभे होते. रेडिओवरून घोषणा सुरू होती : लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आहे. या सगळ्यामागचा माणूस होता लष्करप्रमुख जनरल केनान एव्हरेन.

एव्हरेन यांचा जन्म १९१७ चा, पश्चिम तुर्कस्तानातल्या अलाशेहिरचा. तोफखान्यातून सुरुवात, मग कोरियातल्या तुर्की ब्रिगेडमध्ये नेमणूक आणि १९७८ मध्ये थेट सर्वोच्च पद.

तेव्हा देशाची अवस्था काय होती? डावे आणि उजवे गट भररस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडत होते. हजारो लोक मारले गेले होते. संसदेला मतदानाच्या शंभरहून जास्त फेऱ्या घेऊनही राष्ट्राध्यक्ष निवडता येत नव्हता. त्यामुळे लष्कर आलं तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण शांततेची किंमत मोठी होती. संसद बरखास्त झाली, पुढे सगळ्या पक्षांवर बंदी आली. सुमारे साडेसहा लाख लोकांना ताब्यात घेतलं गेलं. तुरुंगांमधल्या छळाच्या कहाण्या आजही सांगितल्या जातात. ५० जणांना फाशी झाली. त्यातला एक होता एर्दाल एरेन, शाळकरी पोरगा. तो अल्पवयीन असूनही त्याचं वय वाढवून दाखवल्याचा आरोप आजही होतो. फाशीबद्दल एव्हरेन पुढे एका भाषणात म्हणाले होते, "फाशी द्यायची नाही, तर काय पोसायचं?"

१९८२ मध्ये त्यांनी नवं संविधान जनमताला टाकलं. विरोधात प्रचार करायला बंदी होती. ९१ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं आणि त्याच मतावर एव्हरेन ७ वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षही झाले. वेगळी निवडणूक नाहीच!

खरी मेख होती 'तात्पुरतं कलम १५' मध्ये. बंड करणाऱ्यांवर कधीच खटला चालवता येणार नाही, असं हे कलम सांगत होतं. नाव तात्पुरतं, पण टिकलं जवळपास ३० वर्षं. तोवर १९८९ मध्ये निवृत्त झालेले एव्हरेन समुद्रकाठच्या मार्मारिसमध्ये चित्रं काढत बसले होते.

मग उजाडला १२ सप्टेंबर २०१०. बंडाला बरोबर ३० वर्षं झाली त्याच दिवशी पुन्हा जनमत झालं. ५८ टक्के लोकांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने कौल दिला आणि कलम १५ रद्द झालं. २०१२ मध्ये खटला उभा राहिला. नव्वदी ओलांडलेल्या एव्हरेन यांनी हॉस्पिटलच्या बेडवरून, व्हिडिओवर जबाब दिला. पश्चात्ताप? अजिबात नाही. जून २०१४ मध्ये जन्मठेप झाली आणि जनरलचा साधा शिपाई करण्याचा आदेशही निघाला.

पण अपील प्रलंबित असतानाच, ९ मे २०१५ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शिक्षा अंतिम झालीच नव्हती. त्यामुळे अंत्यसंस्कार सरकारी इतमामात, राष्ट्राध्यक्षांसाठीच्या दफनभूमीत झाले.

आणि त्यांचं संविधान? अनेक दुरुस्त्या झाल्या, पण तुर्कस्तान आजही १९८२ च्याच संविधानावर चालतो. कोर्टाने जनरलला दोषी ठरवलं, पण त्याने घालून दिलेली चौकट मात्र देशाला अजून बदलता आलेली नाही.