संगीत-संगणक आणि नवी कार्यप्रणाली

नवी दिल्लीत संसद मार्गावर आकाशवाणी भवन आहे. तेथील संग्रहातील थोर गवयांची जुनी ध्वनिमुद्रणे फितींवरून संगणकात उतरविण्यात आली. अशा संग्रहापासून नोएडातील लहानशा ध्वनिमुद्रणशाळेपर्यंत सर्वत्र एक प्रश्न उद्भवतो : संगणकाची कार्यप्रणाली बदलावी काय?

कार्यप्रणाली ही यंत्र व आज्ञावली यांच्यामधील कारभारी होय. ध्वनीचे काम फार घाईचे. सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यावयाचे. ते २५६ च्या गटांनी हाताळले, तर प्रत्येक गटास सहा सहस्रांश सेकंदांहूनही कमी अवधी मिळतो. तेवढ्यात कारभारी अन्य कामात गुंतला, की तानेत ‘टक्’ असा खंड पडतो. ध्वनियंत्राची चालक-आज्ञावली नव्या प्रणालीशी जुळली नाही, तर हेच घडते. क्वचित यंत्र ओळखलेच जात नाही. २०१९ साली ॲपलच्या ‘कॅटालिना’ प्रणालीने ३२-बिटी आज्ञावल्या चालविणे बंद केले, तेव्हा कित्येक जुनी वाद्ये (संगणकातील, अर्थात!) प्रणाली बदलताच मुकी झाली.

उलटपक्षी, ‘विंडोज १०’ चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षाछिद्रांना सामान्यतः ठिगळ मिळत नाही. इंटरनेटला जोडलेल्या संगणकास हा धोका खरा. केवळ मुद्रणासाठी अलग ठेवलेल्यास पुष्कळच कमी. मात्र मुद्रण अर्धवट असता प्रणाली कदापि बदलू नये. आधी संपूर्ण तबकडीची प्रत काढावी, मग दुसऱ्या तबकडीवर नवी प्रणाली बसवून तिच्यावर एक अखंड ख्याल मुद्रित करून पाहावा.