वजनकाटा, काळी मान आणि वाढीचं वय

वर्गात कुणी ‘कुठल्या गिरणीचं पीठ खातोस?’ असं विचारलं, किंवा लग्नघरात मावशीने चारचौघांत ‘फार सुटलीस गं’ म्हटलं, की मनात पहिला विचार येतो: उद्यापासून जेवण बंद. तुझंही असंच चाललं असेल तर हे तुझ्यासाठी. वजन आटोक्यात येतं, नक्की येतं. पण वाढत्या शरीराचे नियम मोठ्यांपेक्षा वेगळे असतात. ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून मुलं भलत्याच गोष्टींवर जीव तोडून मेहनत करतात.

पहिला गैरसमज काट्याचाच. आकडा खाली आला तरच फरक पडला, असं वाटतं. समजा, आठवीतला एक मुलगा 155 सेंटिमीटर उंच आहे आणि त्याचं वजन 60 किलो आहे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो; त्याचा येतो 25. वर्षभरात तो 7 सेंटिमीटर वाढला, आणि या वयात मुलगे तेवढे सहज वाढतात, पण वजन 60 वरच राहिलं, तर तोच बीएमआय 23 च्या खाली जातो. एक किलोही न घटवता! म्हणून उंची वाढत असलेल्या मुलांना डॉक्टर पुष्कळदा ‘वजन आहे तिथेच ठेव’ एवढंच सांगतात. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर साधारण 5 ते 7 सेंटिमीटरच वाढते, त्यामुळे दहावीतल्या मुलीचा हिशेब निराळा. मोबाइलवरचे मोठ्यांसाठीचे बीएमआय तक्ते तर मुळीच लावून घेऊ नकोस. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलामुलींसाठी 2015 मध्ये वेगळे तक्ते दिले आहेत. बालरोगतज्ज्ञांना त्यावर तुझी जागा दाखवायला सांग.

आणि बारीक मैत्रिणीशी तुलना नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2004 मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. नुसतं बारीक दिसण्यावरून तब्येत कळत नाही.

आता उपाशी राहण्याबद्दल. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजनं उतरली, पण ही धडधाकट माणसं चिडचिडी आणि उदास झाली. त्यांच्या डोक्यात दिवसभर जेवणाशिवाय दुसरं काही येईना. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पुढे हवं तेवढं अन्न मिळू लागल्यावर कित्येकांना पोट भरल्याचंच कळेना. तेव्हा नाश्ता सोडून, डबा तसाच परत आणून, रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा रिकामा झाला, तर तुझी इच्छाशक्ती कमी पडली असं समजू नकोस. भुकेलं शरीर असंच वागतं. त्यावर उपाय सकाळीच करायचा: दोन थालीपिठं आणि वाटीभर दही खाऊन घराबाहेर पडायचं.

‘भात सोड’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. तांदूळ आणि कणीक वजनाला वजन घेतली, तर उष्मांक जवळपास सारखेच, 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. भात राहू दे, मूद लहान कर आणि वरण, उसळ, भाजी वाढव. खरा घोळ क्लासच्या वाटेवर होतो. 300 मिलिलिटरच्या शीतपेयात साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि त्याने भूक तर भागतच नाही.

मानेच्या काळेपणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्यापायी मुलांचा फार अपमान होतो. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. घरचे म्हणतात, नीट अंघोळ करत नाहीस. मग बेसन, लिंबू, शेवटी वज्रीने घासणं. कातडी लाल होते, काळेपणा तिथेच. तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते जास्त इन्सुलिन तयार करू लागतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी वाढतात. वजन आटोक्यात आलं, हालचाल वाढली की हा रंग हळूहळू, काही महिन्यांत, फिका पडू लागतो. घासणं आजच थांबवा आणि डॉक्टरांना मान दाखवा. साखरेची तपासणी करायची का, ते ठरवतील.

थायरॉइडवर सगळं ढकलू नये. हार्मोनच्या आजारामुळे वजन वाढलेल्या मुलांची उंची सहसा खुंटलेली असते. उंची छान वाढत असेल तर कारण बहुतेक दुसरीकडे असतं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी उतरत नाही. रोज तासभर सायकल, कबड्डी, नाच, जे आवडेल ते कर. झोप 8 ते 10 तास हवी, दहावीच्या वर्षातही.

आईबाबांना एक कळकळीची विनंती. ‘बोललं की लागतं आणि मूल सुधारतं’ हे खरं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलं आहे की घरात वजनावरून बोलू नये, मुलांना डाएटला लावू नये, सगळ्यांनी एकत्र जेवावं. मुलीच्या ताटात काकडी आणि भावाच्या ताटात वेफर्स, असं करू नका. वेफर्स घरात आणायचेच कमी करा, सगळ्यांसाठी.

तुला खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकावंसं वाटत असेल, चक्कर येत असेल, तीन महिने पाळी आली नसेल, तर वजनाचं नंतर बघू. आधी घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टरांकडे जा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर थांबू नकोस. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रीबेरात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.