विश्लेषण : सूर्यमालेच्या टोकावरचे बटुग्रह सापडतात कसे?

सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २५ हजार वर्षे घेणारा '२०१७ ओएफ२०१' हा संभाव्य बटुग्रह मे २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी कोणी नवी दुर्बीण उभारली नव्हती. २०११ ते २०१८ या काळात टिपलेल्या आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या १९ छायाचित्रांत तो आधीपासूनच होता. मग तो दिसायला इतका उशीर का झाला? असे पिंड शोधतात तरी कसे?

बटुग्रह म्हणजे काय?
आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे ग्रहाची व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला, पण आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करू न शकलेला पिंड म्हणजे बटुग्रह. सेरेस, प्लुटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच बटुग्रह संघाने मान्य केले आहेत. इतर अनेक पिंड 'संभाव्य' यादीत आहेत.

ते किती दूर आहेत?
नरखेड तालुक्यातील एखाद्या बागेत सात सेंटीमीटरचे संत्रे ठेवले आणि त्याला सूर्य मानले, तर पृथ्वी साडेसात मीटरवर ठेवलेला खसखशीचा दाणा ठरेल. नेपच्यून सव्वादोनशे मीटरवर, तर प्लुटो सरासरी ३०० मीटरवर असेल. २,३२६ किलोमीटर व्यासाचा एरिस म्हणजे सुमारे ७०० मीटरवरचा धुळीचा कण. 'ओएफ२०१' आपल्या कक्षेच्या दूरच्या टोकाला असताना १२ किलोमीटरवर, म्हणजे बाग आणि शिवार ओलांडून थेट दुसऱ्या गावात जाईल.

हे पिंड स्वतः प्रकाशत नाहीत. सूर्यप्रकाश तिथवर जाताना क्षीण होतो आणि परत येताना पुन्हा क्षीण होतो. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की पिंड सुमारे १६ पट अंधुक दिसतो.

मग ओळखतात कसे?
हालचालीवरून. नागपूरहून नरखेडकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब झरझर मागे पळतात, दूरची टेकडी मात्र हळू सरकते. इथे धावणारी गाडी म्हणजे पृथ्वी. आकाशाच्या एकाच भागाची काही तासांच्या किंवा दिवसांच्या अंतराने छायाचित्रे घेतली, तर तारे जागच्या जागी राहतात आणि सूर्यमालेतील पिंड किंचित सरकलेला दिसतो. जितका हळू सरकेल, तितका तो दूर.

प्लुटो असाच सापडला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या क्लाइड टॉम्बॉ यांचे महाविद्यालयीन शिक्षण गारपिटीत पीक गेल्याने लांबले होते. घरी बनवलेल्या दुर्बिणीतून पाहून काढलेली ग्रहांची चित्रे त्यांनी लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि तिथे त्यांना काम मिळाले. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, दोन छायाचित्रे आलटून पालटून पाहताना त्यांना सरकणारा ठिपका दिसला.

एरिस वर्षभर नजरेतून का सुटला?
कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीने एरिस २१ ऑक्टोबर २००३ रोजीच टिपला होता. मात्र, चुकीचे ठिपके टाळण्यासाठी तासाला दीड विकलेपेक्षा हळू सरकणारी प्रत्येक वस्तू वगळण्याची सूचना संगणकाला दिलेली होती. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. पुढच्याच महिन्यात सापडलेला सेडना या मर्यादेच्या जेमतेम वर होता. तेव्हा माइक ब्राऊन यांच्या चमूने मर्यादा खाली आणून जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली आणि जानेवारी २००५ मध्ये एरिस हाती लागला. प्लुटोचे ग्रहपद जाण्याला हाच शोध कारणीभूत ठरला.

मराठी माणसाचा संबंध काय?
कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली याच दुर्बिणीवर २०१८ मध्ये 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' हे सर्वेक्षण सुरू झाले. त्याच्या कॅमेऱ्याच्या एका छायाचित्रात पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र मावतील एवढे आकाश येते. स्फोट होणारे तारे आणि आकाशातील इतर बदल टिपणे हे त्याचे मुख्य काम असून, त्यातील बरीच माहिती सर्वांसाठी खुली आहे.

पुढे काय? विद्यार्थ्यांना संधी आहे का?
चिलीतील वेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेली ही वेधशाळा दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे. तिच्याकडून असे अनेक दूरचे पिंड सापडण्याची अपेक्षा आहे.

शाळा-महाविद्यालयांसाठी 'इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन'चा मोफत उपक्रम आहे. त्यात खऱ्या दुर्बिणींची छायाचित्रे विद्यार्थ्यांच्या गटांना तपासायला दिली जातात. तिथे सापडतात ते बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रह. पण सरकणारा ठिपका ओळखण्याची पद्धत टॉम्बॉ यांचीच. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी असेल, तर नरखेडच्या शाळेतूनही हे काम करता येते.