पापणीवरची न जाणारी गाठ

पापणीतल्या तैलग्रंथींचा कर्करोग एरवी दुर्मिळ. पण भारतात पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा आहे. सुरुवातीला तो साध्या रांजणवाडीसारखा दिसतो, हाच खरा धोका. त्याच जागी पुन्हा येणारी गाठ, पापणीचे झडलेले केस, एकाच डोळ्याची न हटणारी लाली दिसली की तुकडा काढून तपासायलाच हवा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसाळ दिसतात, कारण त्यांत चरबीचे थेंब असतात. नेहमीच्या प्रक्रियेत ही चरबी विरघळते, म्हणून संशय पॅथॉलॉजिस्टला आधीच कळवावा. उल्हासनगर कॅम्प ४ मधून विठ्ठलवाडीला लोकल पकडून परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्यांनी अहवालासोबत काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉकही न्यावेत. फेरतपासणी त्यांवरच होते.