चॉकलेट-कॉफीचे क्रीमी कॉकटेल घरी बनवताय? आधी ग्लासात काय जाते ते समजून घ्या

जेवण झाल्यावर डेझर्ट आणि ड्रिंक एकाच ग्लासात, ही कल्पना आता हॉटेलपुरती राहिलेली नाही. थर्टी फर्स्ट, गेट-टुगेदर किंवा वाढदिवस असला की अनेक घरांत मिक्सरवर चॉकलेट-कॉफीचे कॉकटेल तयार होते. यातले सर्वात ओळखीचे नाव म्हणजे मडस्लाइड. व्होडका, कॉफी लिकर आणि आयरिश क्रीम हे तीन घटक समप्रमाणात घ्यायचे आणि वर व्हॅनिला आइस्क्रीम व चॉकलेट सिरप घालायचे. कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर १९७० च्या दशकात हे पेय जन्माला आले असे मानले जाते.

चव कोल्ड कॉफीसारखी, दिसायला मिल्कशेकसारखे. म्हणूनच एरवी दारूच्या वासाने नाक मुरडणारी व्यक्तीही हा ग्लास सहज संपवते. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती इथेच. या लेखात आपण या पेयाचा हिशोब, शरीरातील परिणाम, घरी करायची हलकी पद्धत आणि ते कोणी टाळावे हे पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ पासूनची स्पष्ट भूमिका आहे. तुम्ही मद्य घेत नसाल, तर या कॉकटेलसाठी सुरू करू नका. खाली बिनमद्याची पद्धतही दिली आहे. मद्य घेणाऱ्यांनी निदान मोजून घ्यावे, यासाठी पुढील माहिती.

एका ग्लासात किती मद्य असते?

भारतात मिळणाऱ्या बहुतेक व्होडका, रम आणि व्हिस्कीमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यालाच आपल्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक धरतात.

आता मडस्लाइडचा हिशोब करू:

- व्होडका ३० मिली: सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल
- कॉफी लिकर ३० मिली (१६ ते २० टक्के): ४ ते ५ ग्रॅम
- आयरिश क्रीम ३० मिली (१७ टक्के): सुमारे ४ ग्रॅम

एकूण झाले १८ ते १९ ग्रॅम. म्हणजे तुम्ही 'एकच ग्लास' घेतला तरी शरीरात जवळजवळ दोन पेग गेले. घरी मापाशिवाय बाटलीतून थेट ओतले आणि व्होडका ६० मिली पडली, तर तोच ग्लास तीन पेगांचा होतो. दवाखान्यात रुग्ण सांगतात, "डॉक्टर, मी दोनच ग्लास घेतले होते." हिशोब केला की ते चार ते सहा पेग निघतात.

कॅलरीही पाहा. दोन स्कूप आइस्क्रीम आणि सिरपसह हा ग्लास सुमारे ५०० कॅलरींचा होतो. म्हणजे पोटभर जेवणानंतर आणखी पाच पोळ्या खाल्ल्यासारखे.

मलई आणि कॉफी मिळून शरीराला कसे फसवतात?

पहिले काम मलई आणि साखर करतात. अल्कोहोलची जळजळ झाकली गेल्यामुळे आपण घोट घोट न पिता भराभर पितो. स्निग्ध पदार्थांमुळे जठर उशिरा रिकामे होते आणि अल्कोहोल प्रामुख्याने लहान आतड्यात शोषले जाते. त्यामुळे नशा हळू चढते. अर्ध्या तासात काहीच जाणवले नाही म्हणून दुसरा ग्लास भरला जातो आणि नंतर दोन्हींचा परिणाम एकदम जाणवतो. मलईमुळे मद्य कमी होत नाही, फक्त त्याचा परिणाम पुढे ढकलला जातो.

दुसरे काम कॉफी करते. दिवसभरात मेंदूत अडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि आपल्याला झोप येते. कॅफीन त्याचा मार्ग अडवते. मद्याने येणारी सुस्ती हा खरे तर 'आता पुरे' असा शरीराचा इशारा असतो. कॉफीमुळे तो इशारा कमी ऐकू येतो, पण यकृताचे काम जराही वेगाने होत नाही. यकृत साधारण तासाला एक पेग या गतीनेच अल्कोहोल काढून टाकते. माणूस जागा आणि तरतरीत वाटतो, पण त्याची प्रतिक्रिया देण्याची गती आणि अंदाज बिघडलेलेच असतात.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये कॅफीन मिसळलेली मद्ये बनवणाऱ्या चार कंपन्यांना याच कारणासाठी इशारापत्रे पाठवली होती. घरच्या ग्लासातील कॅफीन त्या डबाबंद पेयांपेक्षा बरेच कमी असते, हे खरे. तरी एका एस्प्रेसो शॉटमध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्यातले निम्मे शरीरातून जायला पाच-एक तास लागतात. रात्री अकराला घेतलेली कॉफी पहाटेपर्यंत झोप बिघडवू शकते.

गाडी चालवण्याबाबत

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. ५५-६० किलो वजनाच्या व्यक्तीत एका मडस्लाइडनंतरही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. "वरून कॉफी प्यायलो, आता उतरली" हा निव्वळ गैरसमज आहे. लिंबूपाणी, आंघोळ किंवा ताक यांनीही अल्कोहोल लवकर उतरत नाही. एक घोट घेतला असेल तरी चावी दुसऱ्याकडे द्या.

घरी करायचे असेल तर हलकी पद्धत

हे प्रमाण एका ग्लाससाठी आहे:

- इन्स्टंट कॉफी: १ छोटा चमचा (रात्री घेणार असाल तर डिकॅफ)
- बिनसाखरेची कोको पावडर: २ छोटे चमचे
- साखर: १ छोटा चमचा
- गरम पाणी: २ मोठे चमचे
- थंड टोन्ड दूध: १०० मिली
- फ्रेश क्रीम: २ मोठे चमचे
- डार्क रम किंवा व्होडका: ३० मिली, मापाने
- बर्फ: ४-५ खडे
- जायफळ: चिमूटभर

कृती सोपी आहे. कॉफी, कोको आणि साखर गरम पाण्यात गुठळ्या न ठेवता विरघळवा आणि मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. मग घट्ट झाकणाच्या बरणीत दूध, क्रीम, बर्फ आणि मोजलेले मद्य घालून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा. गाळून ग्लासात ओता आणि वर जायफळ किसा. मिश्रण गरम असताना मद्य घालू नका, दूध फाटू शकते. लिंबू किंवा कोला यांसारखे आंबट काही मिसळले तरी तेच होते.

या ग्लासात एकच पेग आहे आणि कॅलरी सुमारे २५०, म्हणजे मडस्लाइडच्या निम्म्या. दाटपणा हवा असेल तर आइस्क्रीम न वाढवता अर्धे गोठवलेले केळे घालून मिक्सरमधून काढा. मद्य वगळून दूध ३० मिली वाढवले की हाच ग्लास बिनमद्याचा होतो. जायफळामुळे त्याची चव आपल्या घरच्या कॉफीच्या जवळ जाते. पार्टीत असे काही ग्लास आधीच करून ठेवा. 'नको' म्हणणाऱ्याला मग कारणे द्यावी लागत नाहीत.

पिण्याआधी जेवून घ्या, सोबत पाणी प्या आणि दुसरा ग्लास किमान दीड तास टाळा. मद्य परवानाधारक दुकानातूनच घ्या. सुट्या किंवा बनावट दारूतील मिथेनॉलमुळे कायमचे अंधत्व आणि मृत्यूही येऊ शकतो. महाराष्ट्रात अशा कडक मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे, हेही लक्षात असू द्या.

काही जण आयरिश क्रीमही घरी बनवतात. त्यात कच्चे अंडे घालू नका. एवढ्या अल्कोहोलने साल्मोनेला जंतू मरतीलच याची खात्री नसते. बनवलेले क्रीम फ्रिजमध्ये ठेवा, काही दिवसांत संपवा. गाठी दिसल्या किंवा आंबट वास आला तर फेकून द्या.

हे पेय कोणी टाळावे?

*मधुमेह असलेल्यांनी.* लोकांना वाटते की यात साखर आहे, म्हणून शुगर वाढेल. सुरुवातीला ती वाढतेही. पण अल्कोहोलमुळे यकृताची साखर तयार करण्याची क्षमता कमी होते आणि शुगर मध्यरात्री किंवा सकाळी अचानक खाली जाऊ शकते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांत हा धोका जास्त. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही शुगर कमी झाल्याची लक्षणे दारू चढल्यासारखीच दिसतात. घरचे 'झोपू द्या त्याला' म्हणतात आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी ताबडतोब ग्लुकोमीटरने शुगर तपासा.

*ही औषधे चालू असलेल्यांनी.* जुलाबासाठी दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल व टिनिडॅझोल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), फिटची औषधे आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. झोपेच्या गोळ्या आणि मद्य एकत्र झाले तर श्वास मंदावू शकतो.

*ॲसिडिटी असलेल्यांनी.* मद्य, चॉकलेट, कॉफी आणि स्निग्ध पदार्थ हे चारही अन्ननलिकेखालची झडप सैल करू शकतात. इथे चौघे एकाच ग्लासात आहेत आणि वेळ झोपण्यापूर्वीची. ज्यांना दूध पचत नाही, त्यांना वर पोटफुगी आणि जुलाबही होतात.

*यांनी अजिबात घेऊ नये.* गर्भवती आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, स्तनपान देणाऱ्या माता, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, हृदयाचे ठोके अनियमित असणारे आणि दारू सोडलेले लोक. दारू सोडलेल्या पाहुण्याला 'अहो, हे तर डेझर्ट आहे' असा आग्रह कृपया करू नका. एका गोड घोटानेही अनेक महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

घरात लहान मुले असतील तर

हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. हे पेय मुलांना चॉकलेट दूधच वाटते. टेबलावर उरलेला अर्धा ग्लास किंवा फ्रिजमधली बिननावाची बाटली मूल सहज तोंडाला लावते. लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो, त्यामुळे थोड्या मद्यानेही त्यांची शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि झटके येऊ शकतात.

मुलाने हे प्यायल्याचा संशय आला तर उलटी करवू नका. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर थोडे साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, कुशीवर झोपवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि बाटली सोबत न्या. 'झोपून उठला की ठीक होईल' असे म्हणून थांबू नका.

मोठ्या माणसालाही हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित असेल, अंग गार पडून ओठ निळसर दिसत असतील, वारंवार उलट्या होत असतील तर हीच घाई करा.

थोडक्यात

मद्य मापाने मोजा, एका ग्लासवर थांबा, त्या रात्री गाडीला हात लावू नका. तुमची औषधे चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. लाजू नका, हा प्रश्न आम्हाला रोजचाच आहे. आणि पाहुणे गेल्यावर, दिवे मालवण्याआधी, टेबलावरचे उरलेले ग्लास सिंकमध्ये रिकामे करा. सकाळी घरात सगळ्यात आधी बहुधा मुलेच उठतात.