‘सेटल’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मराठीत पुरता मुरलेला एक इंग्रजी शब्द आज घेऊ या : सेटल. मुलगा नोकरीत सेटल झाला, बहीण पुण्याला सेटल झाली, असं आपण सहज बोलतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं आमच्या कोपरीत आणि कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सेटल झाली. इथं अर्थ सरळ आहे : स्थिरावणं, बस्तान बसणं. या क्रियापदाचं मूळ ‘आसन’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो, त्यालाही इंग्रजीत हेच क्रियापद.

पैशाच्या व्यवहारात मात्र याच शब्दाचे अर्थ बदलत जातात. दुकानदार ‘बिल सेटल करा’ म्हणतो, तेव्हा त्याला पूर्ण रक्कम हवी असते. म्हणजे चुकतं करणं. शेअर बाजारात सौदा सेटल होतो, म्हणजे विकणाऱ्याला पैसे आणि घेणाऱ्याला शेअर मिळतात. 27 जानेवारी 2023 पासून हे काम सौद्यानंतर कामकाजाच्या एका दिवसात होतं. विमा कंपनी दावा सेटल करते, म्हणजे तो निकाली काढते. मिळणारी रक्कम मागितली तेवढीच असेल असं नाही. लोकअदालतीत दावा सेटल होतो तो उभयपक्षी तडजोडीनं, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं.

खरी गफलत होते ती कर्जाच्या बाबतीत. क्रेडिट कार्डाचे हप्ते थकलेले असतात. वसुलीवाल्याचा फोन येतो : ‘साहेब, लाखाचे साठ हजार भरा, सेटल करून टाकू.’ ऐकणाऱ्याला वाटतं, चाळीस हजार वाचले आणि कर्ज मिटलं. पण बँकेच्या भाषेत याचा अर्थ असा की, येणं पूर्ण वसूल झालं नाही, बँकेनं उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं. त्यामुळे सिबिलसारख्या संस्थेच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. अशी माहिती या संस्थांना किमान सात वर्षं जपावी लागते. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की तो शेरा आडवा येऊ शकतो. गाळ तळाशी बसला तरी भांड्यातच असतो, तसंच हे.

म्हणून तडजोड करूच नये असं नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, तर कोर्टकचेरीपेक्षा ती बरी. मात्र समजून करावी. ‘कर्ज पूर्ण फेडल्याची नोंद होणार की तडजोडीची?’ हा प्रश्न आधी विचारावा. ठरलेली रक्कम, मुदत आणि उरलेलं येणं माफ असल्याचं बँकेच्या पत्रावर लेखी घ्यावं. फोनवरच्या शब्दावर पैसे भरू नयेत. पुढे ऐपत आली, तर राहिलेली रक्कम भरून नोंद बदलता येईल का, ते बँकेला विचारावं. पूर्ण फेड केलीत, तर ‘नो ड्यूज’चा दाखला घ्यायला विसरू नका.

आपला अहवाल या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो मागवा आणि आपल्या खात्यापुढे कोणता शब्द लिहिलाय, ते एकदा पाहून घ्या.